मृदेच्या जलगुणधर्मांचे विदासंच

मृदेच्या जलगुणधर्मांचे विदासंच म्हणजे जमीन किती पाणी धरून ठेवते आणि ते किती वेगाने पुढे वाहू देते, याविषयी निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या मोजण्यांचा पद्धतशीर व पडताळलेला संग्रह होय. अशा संग्रहात प्रत्येक नमुन्याच्या जलधारणेची आणि जलवाहकतेची मोजमापे असतात. त्यांच्या जोडीला मृदेचा पोत, घनता, सेंद्रिय कर्ब, नमुन्याचे ठिकाण, खोली आणि मोजणीची पद्धत यांचीही नोंद असते. सिंचनाचे नियोजन, पूर व दुष्काळाचे अंदाज, भूजल पुनर्भरणाची गणिते, खते व कीटकनाशके भूजलात झिरपण्याचा अभ्यास आणि हवामानाची संगणकीय प्रारूपे यांना हे आकडे लागतात. प्रत्येक शेतात अशी मोजणी करणे शक्य नसल्याने एका ठिकाणची मोजमापे दुसऱ्या ठिकाणी वापरावी लागतात. ही उसनवारी कितपत विश्वसनीय ठरेल, हे विदासंचातील नोंदींच्या परिपूर्णतेवर आणि तो कोणत्या मृदांवरून तयार झाला आहे यावर अवलंबून असते.

मूलभूत संकल्पना

जलधारणा

मृदेतील पाणी कणांमधील पोकळ्यांत केशाकर्षणामुळे आणि कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. जमीन जसजशी वाळत जाते, तसतसे उरलेले पाणी अधिक घट्ट धरले जाते. ते ओढून काढण्यासाठी लागणाऱ्या ताणाला चूषण म्हणतात आणि ते किलोपास्कल या एककात मोजतात. चूषण आणि मृदेतील पाण्याचे प्रमाण यांचा संबंध दाखवणाऱ्या आलेखास जलधारण वक्र असे म्हणतात. वाळूतील मोठ्या पोकळ्या थोड्याशा चूषणानेच रिकाम्या होतात, त्यामुळे तिचा वक्र एकाएकी उतरतो. चिकणमातीतील सूक्ष्म पोकळ्या मोठ्या चूषणालाही पाणी सोडत नाहीत, त्यामुळे तिचा वक्र संथपणे उतरतो.

या वक्रावरील दोन स्थिती शेतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. भरपूर पाऊस पडून किंवा पाण्याची पाळी देऊन झाल्यावर जास्तीचे पाणी निचरून जाते आणि जमिनीत काही ओल उरते. या ओलीला क्षेत्र जलधारणक्षमता म्हणतात. शेतकरी जिला वाफसा म्हणतात, ती मशागतीयोग्य स्थिती साधारणपणे याच सुमारास येते. पुढे ओल इतकी कमी होते की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पीक पुन्हा टवटवीत होत नाही. ही कायम कोमेजण्याची स्थिती सर्वसाधारणपणे १५०० किलोपास्कल चूषणाला येते असे मानतात. या दोन स्थितींमधील पाणी म्हणजे पिकाला उपलब्ध असणारी ओल होय.

जलवाहकता

मृदेतून पाणी ज्या सुलभतेने वाहते तिला जलवाहकता म्हणतात. सर्व पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतानाच्या जलवाहकतेस संपृक्त जलवाहकता असे नाव आहे. जमीन वाळू लागली की सर्वांत मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात. पाणी प्रामुख्याने त्यांतूनच वाहत असल्याने ओल थोडी कमी झाली तरी जलवाहकता अनेक पटींनी घटते. असंपृक्त जलवाहकतेची मोजणी वेळखाऊ व अवघड असते. त्यामुळे बहुतेक विदासंचांत जलधारणेच्या नोंदी पुष्कळ आणि असंपृक्त जलवाहकतेच्या नोंदी फार थोड्या आढळतात.

इतिहास

फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने इ.स. १८५६ मध्ये दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूच्या स्तंभांतून पाणी वाहू देऊन प्रयोग केले आणि प्रवाहाचा वेग व दाबातील फरक यांचे प्रमाण मांडले. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम याने इ.स. १९०७ मध्ये हा विचार असंपृक्त मृदेपर्यंत नेला. त्यात जलवाहकता ही ओलीनुसार बदलते, हे गृहीत धरलेले होते. इ.स. १९३१ मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स याने असंपृक्त मृदेतील पाण्याच्या हालचालीचे समीकरण मांडले. हे समीकरण आजही बहुतेक संगणकीय प्रारूपांच्या मुळाशी आहे.

रिचर्ड्सचे समीकरण सोडवण्यासाठी त्या त्या मृदेचा जलधारण वक्र आणि जलवाहकता ठाऊक असावी लागते. संगणकाचा वापर वाढू लागल्यावर ही गरज तीव्र झाली. मोजलेल्या सुट्या बिंदूंना एका सलग वक्रात बसवणारी सूत्रे पुढे आली. त्यांत आर. एच. ब्रुक्स आणि ए. टी. कोरी यांचे इ.स. १९६४ मधील आणि रीन व्हॅन गेनुख्टेन यांचे इ.स. १९८० मधील सूत्र सर्वाधिक वापरले जाते. व्हॅन गेनुख्टेन यांच्या सूत्रामुळे संपूर्ण जलधारण वक्र मोजक्या चार आकड्यांत सांगता येऊ लागला. संपृक्त अवस्थेतील पाणी, शेवटी उरणारे अवशिष्ट पाणी आणि वक्राचा आकार ठरवणारे दोन घटक, असे हे चार आकडे आहेत. हजारो नमुन्यांची माहिती एका तक्त्यात मांडणे यामुळे सुकर झाले.

मोजणीच्या पद्धती

प्रयोगशाळेत सामान्यतः धातूची कडी जमिनीत ठोकून मातीचा अभंग नमुना काढला जातो. कमी चूषणासाठी वाळूची पेटी किंवा लोंबत्या जलस्तंभाची रचना वापरतात. जास्त चूषणासाठी रिचर्ड्सने विकसित केलेले दाबपट्टी उपकरण वापरले जाते. त्यात ओला नमुना सच्छिद्र चिनीमातीच्या पट्टीवर ठेवून हवेच्या दाबाने पाणी बाहेर काढले जाते. अलीकडे नमुना हळूहळू वाळू देऊन त्याचे वजन आणि चूषण एकाच वेळी नोंदवणाऱ्या बाष्पीभवन पद्धतीचा प्रसार झाला आहे. संपृक्त जलवाहकता मोजण्यासाठी नमुन्यावर पाण्याची पातळी स्थिर ठेवतात किंवा ती उतरण्याचा वेग पाहतात. शेतात दुहेरी कड्यांचे अंतःस्रवणमापक किंवा चकतीचे ताणयुक्त अंतःस्रवणमापक वापरून पाणी जिरण्याचा वेग मोजला जातो.

एकाच जमिनीवर वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळे आकडे मिळतात. लहान नमुन्यात जमिनीतील भेग, गांडुळाचे बीळ किंवा कुजलेल्या मुळाची पोकळी येईलच असे नाही. ती आली, तर जलवाहकता कित्येक पटींनी वाढलेली दिसते. न आल्यास शेतातील खऱ्या वेगापेक्षा ती कमी भरते. म्हणून मोजणीची पद्धत आणि नमुन्याचा आकार यांची नोंद नसलेला जलवाहकतेचा आकडा इतर आकड्यांशी ताडून पाहता येत नाही.

विदासंचाची घडण

एकसमान मापे

वेगवेगळ्या देशांतील व संस्थांतील मोजण्या एकत्र करताना पहिली अडचण मापांची असते. जलवाहकता कोठे दिवसाला सेंटिमीटर, कोठे तासाला मिलिमीटर, तर कोठे सेकंदाला मीटर अशी लिहिलेली असते. एककांचे रूपांतर सोपे असते, परंतु व्याख्यांचे नसते. वाळू आणि पोयटा यांच्या कणांची सीमा अमेरिकी पद्धतीत ०.०५ मिमी आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती ०.०२ मिमी असून भारतातील अनेक जुन्या अहवालांत हीच पद्धत वापरलेली आहे. त्यामुळे एकाच मातीत एका पद्धतीने वाळू अधिक, तर दुसऱ्या पद्धतीने पोयटा अधिक दिसतो. अशा नोंदी जुळवण्यासाठी कणांच्या आकारमानाचा सलग वक्र काढून हव्या त्या सीमेवरचे मूल्य त्यावरून काढावे लागते.

क्षेत्र जलधारणक्षमतेच्या बाबतीतही असाच भेद आहे. अमेरिकेत आणि भारतात ती बहुधा ३३ किलोपास्कल चूषणाला मोजतात, तर युरोपातील काही देशांत ५ किंवा १० किलोपास्कलला. ‘क्षेत्र जलधारणक्षमता’ एवढेच शीर्षक असलेला स्तंभ म्हणूनच पुरेसा ठरत नाही. प्रत्येक मूल्यापुढे ते कोणत्या चूषणाला मोजले हे लिहिलेले असावे लागते.

पडताळणी

नोंद स्वीकारण्यापूर्वी तिची अंतर्गत सुसंगती तपासतात. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांची बेरीज १०० टक्के असली पाहिजे. चूषण वाढत असताना पाण्याचे प्रमाण वाढता कामा नये. तसेच मृदेतील पाणी तिच्या एकूण पोकळीपेक्षा अधिक असू शकत नाही.

शेवटची कसोटी विशेष उपयोगी पडते. प्रयोगशाळेत पाणी सहसा वजनाच्या प्रमाणात मोजले जाते आणि मृदेच्या घनतेने गुणून त्याचे आकारमानाशी असलेले प्रमाण काढतात. उदाहरणार्थ, एका फुगणाऱ्या चिकण मृदेच्या प्रत्येक ग्रॅम कोरड्या मातीत ०.३५ ग्रॅम पाणी आहे असे समजू. ओल्या स्थितीतील घनता प्रति घनसेंटिमीटर १.२५ ग्रॅम धरल्यास पाण्याचे आकारमान सुमारे ४४ टक्के येते. वाळलेल्या ढेकळाची १.६ ग्रॅम ही घनता धरली, तर तेच ५६ टक्के येते. पण १.६ घनतेच्या मातीत एकूण पोकळीच सुमारे ४० टक्के असते, म्हणून दुसरे उत्तर अशक्य आहे. घनता कोणत्या ओलीला मोजली याची नोंद नसेल, तर चूक कोठे झाली हेही शोधता येत नाही.

प्रमुख विदासंच

अन्सोडा: असंपृक्त मृदांच्या जलगुणधर्मांचा हा विदासंच अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेत तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती इ.स. १९९६ मध्ये आणि दुसरी इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीत ७९० नमुने आहेत. नमुन्यांची संख्या कमी असली तरी असंपृक्त जलवाहकतेच्या तपशीलवार नोंदींमुळे तो संशोधनात फार वापरला गेला.

हायप्रेस: युरोपातील १२ देशांच्या २० संस्थांनी आपापल्या नोंदी एकत्र करून हा संच उभारला आणि इ.स. १९९९ मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांच्या कणसीमा जुळवण्याचे काम यात मोठ्या प्रमाणावर करावे लागले. पुढे याच दिशेने युरोपीय संघाच्या पातळीवर १८,००० हून अधिक नमुन्यांचा संच तयार झाला.

स्टारिंग मालिका: नेदरलँड्समधील मृदांची १८ पृष्ठस्तर आणि १८ अधःस्तर अशा ३६ गटांत विभागणी करून प्रत्येक गटासाठी सरासरी वक्र देणारी ही मालिका आहे. नमुन्यांऐवजी गटांची सरासरी देण्याच्या पद्धतीचे ते परिचित उदाहरण आहे.

स्विग: पाणी जमिनीत जिरण्याच्या प्रत्यक्ष मोजण्यांचा हा जागतिक संच इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५४ देशांतील ५,०२३ अंतःस्रवण वक्र आहेत.

जीएसएचपी: इ.स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जागतिक संचात २,७०२ ठिकाणांचे १५,२५९ जलधारण वक्र एकत्र केलेले आहेत.

यांखेरीज नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील इस्रिक ही संस्था जगभरातील मृदाछेदांची माहिती संकलित करते आणि त्यावरून २५० मीटर चौकटींचे जागतिक नकाशे प्रसिद्ध करते.

पेडोट्रान्सफर फलने

मृदा सर्वेक्षणात पोत, घनता व सेंद्रिय कर्ब यांची माहिती सहज उपलब्ध असते, तर जलगुणधर्मांची नसते. सहज उपलब्ध माहितीवरून जलगुणधर्मांचा अंदाज बांधणाऱ्या सूत्रांना पेडोट्रान्सफर फलने असे म्हणतात. ही संज्ञा डच मृदाशास्त्रज्ञ योहान बाउमा यांनी इ.स. १९८९ मध्ये रूढ केली. अशा प्रयत्नांची सुरुवात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी लायमन ब्रिग्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोतावरून ओलीचा अंदाज काढण्यापासून झाली होती. आरंभी ही फलने साध्या समाश्रयण समीकरणांची असत. इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोझेटा या संगणकप्रणालीत कृत्रिम चेताजालांचा वापर केला गेला. तिच्यासाठी जलधारणेचे २,१३४ आणि संपृक्त जलवाहकतेचे १,३०६ नमुने वापरले होते.

या फलनांची अचूकता मर्यादित असते. पाण्याच्या प्रमाणातील चूक सर्वसाधारणपणे आकारमानाच्या काही टक्क्यांइतकी असते. संपृक्त जलवाहकतेच्या अंदाजात तीन ते पाच पटींची तफावत ही सामान्य बाब मानली जाते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांतही हा फरक दिसतो. रॉबर्ट कार्सेल व रुडॉल्फ पॅरिश यांच्या इ.स. १९८८ च्या तक्त्यात चिकण मृदेची सरासरी संपृक्त जलवाहकता दिवसाला ४.८ सेंमी आहे. रोझेटाच्या तक्त्यात त्याच पोतासाठी ती दिवसाला सुमारे १४.८ सेंमी आहे. वालुकामय मृदेसाठी मात्र हे आकडे अनुक्रमे सुमारे ७१३ आणि ६४३ सेंमी, म्हणजे बरेच जवळचे आहेत. चिकण मृदांतील पाण्याचा प्रवाह पोतापेक्षा जडणघडणीवर अधिक अवलंबून असल्याने त्यांचा अंदाज सर्वांत अवघड ठरतो.

उपयोग

सिंचनात उपलब्ध ओलीवरून दोन पाण्याच्या पाळ्यांमधील अंतर ठरवतात. क्षेत्र जलधारणक्षमता आकारमानाच्या ३५ टक्के, कोमेजण्याची स्थिती २० टक्के आणि मुळांची खोली ६० सेंमी असल्यास उपलब्ध ओल ९० मिमी भरते. या फरकात केवळ ३ टक्क्यांची चूक झाली, तरी ती १८ मिमी पाण्याएवढी होते. पीक दिवसाला ५ मिमी पाणी वापरत असेल, तर ही चूक तीन ते चार दिवसांची ठरते. कोरडवाहू पिकाने पावसाचा खंड किती दिवस तग धरावा, याचा अंदाजही तेवढ्याच दिवसांनी चुकतो.

जलविज्ञानात पावसाचे पाणी किती जिरेल आणि किती वाहून जाईल, हे ठरवण्यासाठी जलवाहकतेचे आकडे लागतात. हवामानाच्या प्रारूपांत जमिनीची ओल बाष्पीभवन आणि तापमान यांवर परिणाम करते. अशा प्रारूपांत आर. बी. क्लॅप आणि जी. एम. हॉर्नबर्गर यांनी इ.स. १९७८ मध्ये अमेरिकेतील मृदांवरून काढलेल्या सरासरी मूल्यांचा तक्ता अनेक दशके वापरात राहिला. तो तक्ता पोताच्या नावावर चालत असल्याने जगातील कोणत्याही चिकण मृदेला अमेरिकेतील चिकण मृदेचे गुणधर्म आपोआप लागू होत असत.

मर्यादा

बहुतेक मोजमापे युरोप आणि उत्तर अमेरिका येथील समशीतोष्ण प्रदेशांतील आहेत. तेथील मृदांवरून काढलेली फलने उष्ण कटिबंधात दोन विरुद्ध प्रकारांनी चुकू शकतात.

पहिला प्रकार जांभ्यासारख्या लोहयुक्त तांबड्या मृदांचा आहे. त्यांत चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असले, तरी लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिचे कण घट्ट बारीक रवाळ गुठळ्यांत बांधले जातात. गुठळ्यांमधील मोठ्या पोकळ्यांतून पाणी वाळूतल्याप्रमाणे झपाट्याने उतरते. पोतावर आधारलेले सूत्र अशा जमिनीला मंद निचऱ्याची ठरवते. ब्राझीलमध्ये व इतर उष्ण प्रदेशांत स्वतंत्र फलने तयार करण्यामागे हेच कारण होते. कोकण आणि गोव्यातील जांभ्या मृदांनाही हा मुद्दा लागू पडतो.

दुसरा प्रकार फुगणाऱ्या काळ्या मृदांचा आहे. दख्खनच्या पठारावरील बेसाल्टपासून बनलेल्या या मृदांत स्मेक्टाइट वर्गातील चिकण खनिजे असतात. उन्हाळ्यात जमीन आकसून रुंद व खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट खाली जाते. माती फुगून भेगा मिटल्या की जिरण्याचा वेग अत्यंत कमी होतो. म्हणजेच एकाच शेताची जलवाहकता हंगामानुसार बदलते आणि तिच्यासाठी एकच आकडा देणे दिशाभूल करणारे ठरते. घनताही ओलीनुसार बदलत असल्याने वर दिलेल्या प्रकारची चूक याच मृदांत सर्वाधिक संभवते.

विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात आणखी एक घटक येतो. तेथील काळ्या मृदांत कणांना चिकटलेल्या सोडियममुळे चिकणमाती विखुरते, सूक्ष्म पोकळ्या बुजतात आणि जमीन चोपण होऊन निचरा खुंटतो. पोत सारखा असलेल्या दोन शेतांची जलवाहकता यामुळे पूर्णपणे भिन्न असू शकते. शिवाय मोजणीसाठी कोणते पाणी वापरले यावरही आकडा बदलतो. खारट पाण्यात चिकणमाती गोळा होऊन राहते, तर ऊर्ध्वपातित पाण्यात ती विखुरते व प्रवाह मंदावतो. विहिरीच्या पाण्याने मोजलेल्या वेगावरून पावसाळ्यातील निचऱ्याचा अंदाज बांधल्यास तो फसवा निघतो. अशा मृदांच्या नोंदीत विनिमयक्षम सोडियम आणि मोजणीस वापरलेल्या पाण्याची क्षारता हे दोन स्तंभ आवश्यक ठरतात, परंतु सर्वसाधारण विदासंचांत ते बहुधा नसतात.

भारतातील स्थिती

भारतात मृदा सर्वेक्षणाचे काम प्रामुख्याने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोकडे आहे. ही संस्था इ.स. १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या मृदाछेदांच्या नोंदींत पोत, रासायनिक गुणधर्म आणि अनेक ठिकाणी ३३ व १५०० किलोपास्कलला धरलेले पाणी यांची माहिती मिळते. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत आणि सिंचन प्रकल्पांच्या अहवालांतही अशी मोजमापे विखुरलेली आहेत. भारतातील काळ्या मृदांसाठी स्वतंत्र पेडोट्रान्सफर फलनेही मांडली गेली आहेत.

शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणारी मृदाविषयक माहिती मात्र मुख्यतः पोषणद्रव्यांची आहे. इ.स. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब यांचा समावेश आहे. पोत, घनता आणि जलधारणक्षमता यांचा या यादीत समावेश नसल्याने केवळ या पत्रिकेवरून शेताच्या उपलब्ध ओलीचा अंदाज काढता येत नाही.

जुन्या कागदोपत्री नोंदी वापरात आणण्यासाठी केवळ आकड्यांचे तक्ते संगणकावर उतरवणे पुरेसे नसते. नमुना कोठून व किती खोलीवरून घेतला, तो अभंग होता की चाळलेला, कणांची सीमा कोणती धरली, घनता कोणत्या ओलीला मोजली आणि पाणी कोणते वापरले, ही माहिती मूळ अहवालातून शोधून प्रत्येक नोंदीला जोडावी लागते. मोजणी करणारे किंवा मूळ वह्या उपलब्ध असेपर्यंतच हे काम होऊ शकते. नव्याने मोजणी करायची झाल्यास त्याच जागेवर पुन्हा खड्डा घेऊन नमुने काढण्यापासून सुरुवात करावी लागते.